शून्य खटके

ज्या दिवशी हर्षदा बनकरच्या कामाला पहिल्यांदा शून्य खटके मिळाले, त्या दिवशी तिने साताऱ्याच्या पोवई नाक्यावर अर्धा किलो कंदी पेढे घेतले आणि वाईला घरी पोहोचेपर्यंत त्यातले चार स्वतःच खाल्ले. नवरा मंगेश शाळेतून यायचा होता. तो येईपर्यंत तिला धीर निघेना. एकोणीस वर्षं ती वनस्पतींची चित्रं काढत होती, नोकरी न धरता, ज्याचं काम त्याच्याकडे जाऊन. त्यातली निम्म्याहून जास्त सदानंद टोणपे यांच्यासाठी होती, आणि टोणपे सरांनी तिचं एकही काम पहिल्या फेरीत मंजूर केलेलं नव्हतं.

टोणपे सर साताऱ्यात तृणांकुर प्रकाशन चालवायचे. झाडं, गवतं, रानफुलं यांची सचित्र पुस्तकं काढणारी ती छोटी संस्था. माणूस चुका काढण्यात वस्ताद. पानाच्या कडेचे दाते मोजायचे, देठावरची लव उलट्या दिशेने वळलेली असली तर चित्र परत करायचे. हर्षदा सुरुवातीला घरी जाऊन रडायची. पुढे पुढे तिला त्यांचं हे खुपणंच हवंहवंसं वाटू लागलं. या माणसाच्या नजरेखालून गेलेलं चित्र जगात कुठेही जाऊ शकतं, असा तिला भरवसा होता.

आता खटके म्हणजे काय, ते सांगायला हवं.

चूक आधी मेंदूला दिसते, मग माणसाला. वाचता वाचता भलताच शब्द आला, ओळखीच्या खोलीतली खुर्ची कुणी हलवलेली असली, की कपाळाच्या मागे, मेंदूच्या पुढच्या भागात मध्यावर, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात विजेची एक बारीक लहर उठते. काय चुकलं हे आपल्याला त्यानंतर कळतं. कधी कळतही नाही, नुसतं काहीतरी खुपत राहतं. शास्त्रज्ञांना ही लहर कित्येक दशकं ठाऊक होती. पण ती टिपायची तर डोक्याला चिकट मलम फासून तारा जोडाव्या लागत आणि एकच गोष्ट शंभरदा दाखवून सरासरी काढावी लागे. मग कापडातच विणलेले कोरडे संवेदक आले, आणि एकुलती एक लहरसुद्धा गोंगाटातून वेगळी काढणारं गणित आलं. दोन बोटं रुंदीची एक पट्टी कपाळाला बांधली की काम भागू लागलं.

शास्त्रज्ञांनी ती रुग्णांसाठी बनवली होती. उचलली मात्र विमा कंपन्यांनी. हर्षदासारख्या चित्रकारांचं, मांडणी करणाऱ्यांचं, मजकूर लिहिणाऱ्यांचं जुनं दुखणं असं, की ग्राहक काम बघून ‘छान, होऊ दे’ म्हणायचा आणि छापून झाल्यावर काही बिघडलं की ‘मी नीट पाहिलंच नव्हतं’ म्हणायचा. त्यासाठी व्यावसायिक जबाबदारीचा विमा होता, पण प्रत्येक दाव्यात ‘हो म्हटलं’ आणि ‘नाही म्हटलं’ यातच वर्षं जात. पट्टी आल्यावर कंपन्यांनी नियमच केला. ग्राहकाने पट्टी बांधून अंतिम काम पानागणिक पाहायचं. जिथे लहर उठेल तिथे तांबडा ठिपका. तो खटका. चित्रकाराने तो दुरुस्त करायचा किंवा ग्राहकाकडून खुलासा घ्यायचा. एकही खटका उरला नाही, की आलेख विमा कंपनीकडे जायचा आणि त्या क्षणापासून कामातल्या चुकीची जबाबदारी मंजुरी देणाऱ्याची. आलेख नसेल तर विमा नाही, आणि विम्याचा क्रमांक नसेल तर कुठलाही छापखाना काम घ्यायचा नाही. यंत्राचं सरकारी नाव होतं संमतिमापक. लोक होकारपट्टी म्हणायचे.

टोणपे सरांच्या कपाळाला पहिल्यांदा पट्टी बांधली, तेव्हा गवतांच्या पुस्तकात एकशे त्रेचाळीस खटके निघाले. दोघंही हसली होती. पुढच्या पुस्तकात एकसष्ट. त्यापुढच्यात नऊ. आणि आता ‘रानभाज्या आणि कंद’ या पुस्तकाला शून्य. सगळी पानं हिरवी.

‘‘उत्तम श्रेणी मिळणार तुला,’’ मंगेश पेढा तोंडात टाकत म्हणाला. ‘‘विम्याचा हप्तासुद्धा कमी होईल. मग तू अशी काय बसलीस?’’

‘‘कुठे काय,’’ हर्षदा म्हणाली.

पण काहीतरी होतं. त्या दुपारी सरांच्या कचेरीत दोन गोष्टी घडल्या होत्या. सरांची मुलगी मेधा कचेरी सांभाळायची. तिने चहा आणला. दूध फाटलेलं होतं, कपात गुठळ्या तरंगत होत्या. हर्षदाने एक घोट घेऊन कप ठेवला. सरांनी मात्र सगळा चहा शांतपणे पिऊन टाकला. चहा जरा थंड झाला म्हणून पूर्वी कप परत पाठवणारा हा माणूस. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. पुस्तकातल्या भारंगी या रानभाजीच्या पानावर तिने घाईत जागा भरायला लिहिलेले ‘इथे नाव येईल’ हे शब्द तसेच राहिले होते. पान पडद्यावर आलं, सरांनी ते वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि हिरवा दिवा लागला.

‘‘सर, इथे नावच नाहीये,’’ हर्षदा म्हणाली.

‘‘हो की,’’ सर हसले. ‘‘टाक ना मग.’’

तिने तिथल्या तिथे नाव टाकलं, पान पुन्हा दाखवलं, पुन्हा हिरवा. निघताना तिने मेधाला जिन्यात गाठून विचारलं, ‘‘सर बरे आहेत ना गं?’’

‘‘बरे म्हणजे? इतके छान कधीच नव्हते,’’ मेधा म्हणाली. ‘‘पूर्वी भाजीत मीठ कमी पडलं तरी ताटावरून उठायचे. आता वर्षभर घरात आवाज चढलेला नाही. वय झालं की माणूस निवळतो बहुतेक.’’

निवळतो. हर्षदाला तो शब्द पटला, कारण तो तिला पटवून घ्यायचा होता. एकोणीस वर्षांनी मिळालेलं शून्य होतं ते. ते तिच्या हाताचं आहे असंच तिला वाटायला हवं होतं. दर पुस्तक छापखान्यात पाठवण्याआधी ती सगळी पानं स्वतः आणखी एकदा वाचत असे. या वेळी वाचली नाहीत. पुस्तक पावसाळ्यात निघालं आणि शाळांच्या प्रदर्शनांत चांगलं खपलं.

मार्गशीर्षात भोरजवळच्या एका गावात शुभांगी कोकरे नावाच्या शिक्षिकेने शेताचा बांध साफ करताना काही कंद उकरले. वेल वाळून गेले होते, पानं नव्हती, ओळखायला नुसता कंदच. तिने शाळेतलं पुस्तक आणून पान सदतीस उघडलं. त्या पानावर दोन कंद शेजारी शेजारी काढलेले होते. एक कणगीचा, उकडून खायचा. दुसरा कळलावीचा, नांगराच्या फाळासारखा वाकडा, अत्यंत विषारी. तिच्या हातातला कंद वाकडा होता. चित्रातल्या वाकड्या कंदाखाली लिहिलं होतं, ‘कणगी. खाण्यायोग्य.’

तिने उकडून खाल्ला. नवरा संपत याला कंद आवडत नसत, त्याने दोन घास घेतले. शुभांगी चौथ्या दिवशी रुग्णालयात वारली. संपत वाचला, पण दोन आठवड्यांनी त्याचे डोक्यावरचे सगळे केस गळून पडले.

हर्षदाला बातमी वर्तमानपत्रातून कळली. तिने उभ्या उभ्या पुस्तक उघडून सदतिसावं पान पाहिलं. काय झालं ते तिला लगेच समजलं. मंजुरीआधीच्या शेवटच्या आठवड्यात सरांचा फोन आला होता, की विषारी कंद उजवीकडे घे, वाचकाची नजर आधी तिकडे जाते. तिने चित्रांची अदलाबदल केली होती. खालची नावं जागच्या जागी राहिली होती.

विमा कंपनीचे कामत दुसऱ्याच दिवशी वाईला आले. मृदू बोलणारा, पन्नाशीचा माणूस. त्यांनी बूट दारातच काढले, पाणी मागून घेतलं, आणि आलेखाची प्रत टेबलावर पसरली.

‘‘मॅडम, तुम्ही निर्धास्त राहा. तुमचा आलेख स्वच्छ आहे. पाहताना टोणप्यांचं लक्ष शहाण्णव टक्के, खटके शून्य. तुमच्यावर काहीही येत नाही.’’

‘‘पण चूक माझी आहे. चित्रं मीच हलवली.’’

‘‘हे वाक्य कृपा करून पुन्हा बोलू नका,’’ कामत म्हणाले. ‘‘कुणाहीपुढे चूक कबूल करायची नाही, बाधित कुटुंबाला भेटायचं नाही, अशी अट आहे. अट मोडली तर संरक्षण गेलं. चुका सगळ्यांच्याच हातून होतात. त्या पकडण्यासाठीच तर मंजुरी असते. टोणप्यांनी पकडली नाही.’’

‘‘मग सरांचं काय होणार?’’

कामतांनी आलेखाची घडी घातली. ‘‘त्यांनी स्वतःचा वेगळा विमा काढायला हवा होता. लहान प्रकाशक काढत नाहीत. मलाही वाईट वाटतं.’’

आठ दिवसांनी मेधा आली. तिचा चेहरा ओढलेला होता. पोलिसांनी सरांना दोनदा चौकशीला बोलावलं होतं. तिथे ते इतके प्रसन्नपणे बोलले, की अधिकाऱ्यालाच शंका आली आणि त्याने डॉक्टरांकडे न्यायला सांगितलं. पुण्यात मेंदूची तपासणी झाली.

‘‘कपाळामागचा मधला भाग वाळत चाललाय,’’ मेधा म्हणाली. ‘‘स्मरणशक्ती शाबूत आहे, लक्ष शाबूत आहे. सगळं दिसतं, सगळं वाचता येतं. फक्त चुकीचं चुकीचं वाटत नाही. डॉक्टर म्हणाले, आबांच्या मेंदूत खटका उठतच नाही. दोन-तीन वर्षं हे हळूहळू चाललं असणार.’’

हर्षदाच्या डोळ्यांपुढे आकडे आले. एकशे त्रेचाळीस. एकसष्ट. नऊ. शून्य.

‘‘मी कंपनीला तेच दाखवलं,’’ मेधा म्हणाली. ‘‘म्हटलं, हे बघा, खटके कसे कमी होत गेले, हा आजारच आहे. तर ते म्हणतात, खटके कमी होणं म्हणजे चित्रकाराचं काम सुधारणं. त्यांचं कोष्टक तसंच मानतं. आजाराचा कागद आत्ताचा आहे, मंजुरी आधीची. त्या दिवशी आबांना कळत नव्हतं हे सांगणारं कुणी हवं. तिथे तूच होतीस, हर्षदा. तू मला जिन्यात विचारलंस, आठवतंय? तुला काहीतरी दिसलं होतं.’’

हर्षदाने मान हलवली.

‘‘मला नाही दिसलं,’’ मेधा म्हणाली. ‘‘घरात राहून नाही दिसलं. मला ते आवडत होतं गं. तीस वर्षांनी बाप प्रेमाने बोलायला लागला होता.’’

ती गेल्यावर मंगेशने दार लावून घेतलं. मग म्हणाला, ‘‘तुला शंका आली होती आणि तू लपवलीस असं ठरलं तर क्रमांक रद्द होईल. परत कुणी तुझं चित्र छापणार नाही. कदाचित खटलाही चालेल. बोलू नकोस असं मी सांगायला हवं. पण मला ते सांगता येत नाहीये.’’

‘‘मी बोलणार आहे,’’ हर्षदा म्हणाली.

ती भरपाईच्या लवादापुढे सुनावणीला पुण्याला गेली, तेव्हा सोबत एक जड पिशवी होती. चार वर्षांचे कच्चे आराखडे. प्रत्येक पुस्तकात छापण्याआधी तिच्या किती चुका होत्या, ते तिने पानागणिक मोजून काढलं होतं. आकडा दर पुस्तकाला साधारण तेवढाच होता. तिचं काम सुधारलं नव्हतं, बिघडलंही नव्हतं. हे शोधायला तिला तीन आठवडे लागले होते, आणि तेवढ्या काळात ती स्वतःच्या हाताबद्दल जे काही मानत होती ते पार पुसलं गेलं होतं.

लवादाच्या अध्यक्ष एक निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी हर्षदाला पूर्ण बोलू दिलं. फाटलेला चहा, ‘इथे नाव येईल’, जिन्यातलं बोलणं, सगळं तिने सांगितलं. आराखडे पुढे ठेवले. कामत खाली मान घालून बसले होते.

‘‘तुम्ही प्रामाणिक आहात,’’ बाई शेवटी म्हणाल्या. ‘‘पण माझी अडचण समजून घ्या. घटनेनंतर आठवलेल्या गोष्टी आपण पुराव्यात धरत नाही. माणसाची आठवण नंतर बदलते, म्हणूनच तर हे यंत्र आलं. आणि कलावंताचं स्वतःच्या कामाबद्दलचं मत कुठल्याच बाजूने ग्राह्य नाही. आलेख त्या दिवशीचा आहे. तो स्पष्ट आहे.’’

‘‘मग मी त्या दिवशी खोटं वागले असं समजा,’’ हर्षदा म्हणाली. ‘‘माझा क्रमांक रद्द करा. मी शंका लपवली.’’

‘‘तुमचं सांगणं पुराव्यात येत नाही म्हटल्यावर त्यावरून तुम्हाला दोषीही ठरवता येत नाही.’’

हर्षदा आराखडे पिशवीत भरू लागली. मागच्या बाकावरून एक माणूस उठला. डोक्याला रुमाल बांधलेला, भुवया नसलेला. संपत कोकरे.

‘‘बाई, ते चित्र कुणी काढलं?’’ त्याने विचारलं.

‘‘मॅडम, उत्तर देऊ नका,’’ कामत हळूच म्हणाले.

‘‘मी काढलं,’’ हर्षदा म्हणाली.

संपत तिच्याकडे वळला. तो चिडेल म्हणून तिने मान खाली घातली.

‘‘चित्र चांगलं होतं,’’ तो म्हणाला. ‘‘वरच्या सालीवरच्या रेघासुद्धा तशाच होत्या. म्हणून तर तिनं लगेच ओळखलं.’’

तो खाली बसला. कामतांनी लिहून घेणाऱ्याला खूण केली, आणि हा संवाद नोंदीत आला नाही.

निकाल महिन्याभरात लागला. मंजुरी वैध, जबाबदारी संपूर्ण प्रकाशकाची. तृणांकुरचं दुकान, साठा आणि सरांचं घर भरपाईत गेलं. फौजदारी खटल्यात आजारामुळे तुरुंग टळला. मेधाने कोरेगावला दोन खोल्या भाड्याने घेतल्या आणि सरांना तिकडे नेलं. हर्षदाला त्याच आठवड्यात पत्र आलं. तिचं शून्य कायम होतं, श्रेणी उत्तम, आणि तीन नव्या प्रकाशकांनी तिच्याकडे कामाची विचारणा केली होती. तिने कुणालाच उत्तर दिलं नाही.

फाल्गुनात एका दुपारी ती कोरेगावला गेली. सर खिडकीपाशी बसले होते. तब्येत छान दिसत होती. तिला पाहून त्यांना मनापासून आनंद झाला.

‘‘ये गं, ये. किती दिवसांनी. काही नवं काढलंयस?’’

‘‘नाही सर. हे आणलंय.’’ तिने पुस्तक त्यांच्या मांडीवर ठेवलं आणि सदतिसावं पान उघडलं. ‘‘सर, या पानावर माझी चूक झाली. तुमची नाही. मी चित्रं हलवली आणि नावं तशीच ठेवली. तुम्हाला हे सांगायचं होतं.’’

सरांनी पान जवळ घेतलं. त्यांची नजर डाव्या कंदावरून उजव्या कंदावर गेली, खालची नावं त्यांनी पुटपुटत वाचली. हर्षदा त्यांच्या कपाळाकडे बघत होती. पूर्वी काही खुपलं, की तिथे, दोन भुवयांच्या मधे, एक उभी आठी पडायची.

‘‘सुरेख आहे हे,’’ ते म्हणाले.

‘‘सर, नावं उलटी आहेत. वाकडा कंद कळलावीचा. विषारी आहे.’’

‘‘हो, बरोबर. कळलावीच आहे हा.’’ त्यांनी मान हलवली. ‘‘खाली कणगी लिहिलंय.’’

‘‘त्यामुळे एक बाई गेली, सर. शुभांगी नाव होतं तिचं. शाळेत शिकवायची.’’

‘‘अरेरे,’’ सर म्हणाले. ज्या सुरात म्हणायला हवं त्याच सुरात म्हणाले. मग म्हणाले, ‘‘होतं गं असं. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू. तू मनाला लावून घेऊ नकोस,’’ आणि त्यांनी पान उलटलं.

पुढच्या पानावर शेवळ्याचा कोंब होता. तो त्यांना फार आवडला. त्यापुढच्या पानावरचा करांदाही आवडला. त्यांना सगळं पुस्तक बघायचं होतं, म्हणून हर्षदा शेजारी स्टूल ओढून बसली आणि एकेक पान उलटत गेली. प्रत्येक पानाशी ते थांबत, नीट बघत, छान म्हणत. त्यांनी आपल्याला रागावावं, पुस्तक भिरकावून द्यावं, निदान कुठल्यातरी देठावर बोट ठेवून हे काय केलंयस असं विचारावं, असं तिला वाटत राहिलं. शेवटचं पान आलं तेव्हा ऊन खिडकीवरून सरकून गेलं होतं.

मेधा दारापर्यंत सोडायला आली.

‘‘सांगितलंस?’’

‘‘सांगितलं.’’

‘‘मग?’’

‘‘ऐकलं त्यांनी,’’ हर्षदा म्हणाली आणि चपला पायात सरकवू लागली. आतून सरांचा आवाज आला. ते मेधाला विचारत होते, हर्षदाला चहा दिलास की नाही.